आपला कॉल महत्त्वाचा आहे

ऐरोलीच्या कॉल सेंटरात बसणाऱ्या पोरीला चिडायची परवानगी नसते. पगार मिळतो तो दुसऱ्याचं चिडणं ऐकून घेण्याचा. वीस मिनिटं तेच ते संगीत ऐकून तापलेला गृहस्थ तिच्यावर तुटून पडतो आणि ती म्हणते, "गैरसोयीबद्दल क्षमस्व." गैरसोय तिनं केलेली नसते, दूर करायचा अधिकारही तिला नसतो. हातात असतं फक्त म्यूटचं बटण. ते दाबून ती काय पुटपुटते, हे त्या गृहस्थाला न कळलेलंच बरं.

पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ पळत असतं. कॉल लांबला की टीम लीडर मागे हजर. झटपट आटोपला तर ग्राहक एकच तारा देणार, तोही कंपनीला नव्हे, तिला! वर सहानुभूतीलाही मार्क असतात : 'मी समजू शकते' म्हटलं का, ग्राहकाचं नाव घेतलं का, सगळं रेकॉर्डिंग ऐकून तपासतात.

१९९०च्या दशकाच्या अखेरीस हा धंदा आपल्याकडे आला, तेव्हा अमेरिकेसाठी सुनीताची सुझन व्हायची. आता देशी ग्राहकासाठी सुनीता सुनीताच राहते. मराठीसाठी तीन दाबा, तीच फोन उचलेल आणि म्हणेल, "नमस्कार सर, बताइए."