दीड वर्षाचा म्हातारा

माझ्या लॅपटॉपला काहीही झालेलं नाही. सगळी अडचण तिथंच आहे. तो तापत नाही, मधेच निळा पडदा दाखवून मान टाकत नाही, बिजागरी घट्ट आहे, बॅटरी सकाळपासून संध्याकाळपर्यंत पुरते. बिघडला असता तर प्रश्नच नव्हता. बिघडलेली वस्तू बदलणं याला आमच्या घरात गरज म्हणतात. चांगली चाललेली वस्तू बदलणं याला थेरं म्हणतात.

कंपनीचं नाव सांगत नाही. जाहिरात नको आणि चहाडीही नको. त्याच कंपनीनं नवं मॉडेल जाहीर केलं, आणि त्या संध्याकाळपासून माझा दीड वर्षाचा लॅपटॉप म्हातारा दिसायला लागला. आदल्या दिवशीपर्यंत त्याच्या पडद्याच्या कडा जाड नव्हत्या. आता त्या जाड झाल्या. वजनही वाढलं असावं. नव्याची तारीफ आणि जुन्याची उणीदुणी सांगणारे व्हिडिओ मी रात्री उशिरापर्यंत बघत बसलो, आणि हे सगळे व्हिडिओ, आपलीच निंदा असूनही, त्या बिचाऱ्यानं एकदाही न अडखळता दाखवले.

नवा वीस टक्के वेगवान आहे म्हणतात. वेग कोणाला नको? पण माझं काम म्हणजे मराठी मजकूर टाइप करणं. सरकारी परीक्षेत मराठी टायपिंगचा पहिला टप्पा मिनिटाला ३० शब्दांचा असतो, आणि मी चांगल्या दिवशी तिथवर पोचतो. म्हणजे एका शब्दाला दोन सेकंद. चार गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर तेवढ्यात आठशे कोटी ठोके मोजून होतो. ‘क्ष’ कुठल्या कळांवर आहे हे मी आठवत असताना हा आठशे कोटी वेळा घड्याळाकडे बघतो आणि काही बोलत नाही. नवा घेतला तर तो आणखी दीडेकशे कोटी वेळा बघेल. आमच्या दोघांत जो मंद आहे त्याचं नवं मॉडेल निघत नाही.

जागेचंही तेच. युनिकोडमध्ये साठवताना देवनागरीच्या एका चिन्हाला सहसा तीन बाइट लागतात; हजार शब्दांचा निबंध वीस किलोबाइटच्या आसपास जातो. ५१२ जीबीच्या ड्राइव्हमध्ये असे अडीच कोटी निबंध मावतात. रोज एक लिहिला तरी सत्तर हजार वर्षं जागा पुरेल. तरीही दुकानाच्या यादीत एक टीबीचा पर्याय दिसला की ‘पुढेमागे लागेल’ असं मनात येतंच.

बायकोनं एकच प्रश्न विचारला. “अहो, तो बंद पडलाय का?”

“बंद नाही गं, पण जुना झालाय.”

“मिक्सर चौदा वर्षांचा आहे,” ती म्हणाली आणि आत गेली.

पूर्वी इतका पेच नव्हता, कारण मधला रस्ता होता. आमचा पहिला कॉम्प्युटर ‘असेंबल्ड’ होता. कॅबिनेट एका दुकानातलं, मदरबोर्ड दुसऱ्या, मॉनिटर ओळखीतून. खोलीत चपला घालून जायचं नाही, वापर झाला की प्लॅस्टिकचं कव्हर घालायचं, दसऱ्याला कीबोर्डवर हळद-कुंकू. तो मंद झाला की हार्डवेअरवाला मुलगा घरी यायचा, बाजूचा पत्रा उघडायचा, धूळ फुंकायचा आणि म्हणायचा, “रॅम टाकू या, काका.” एक पट्टी खाचेत बसायची आणि मशीन पुन्हा तरणंताठं. नंतर कधी हार्ड डिस्क, कधी एसएमपीएस, कधी मदरबोर्ड. अखेरीस मूळचं फक्त कॅबिनेट उरलं, आणि तरी घरात सगळे त्याला ‘आपला जुना कॉम्प्युटर’च म्हणत. हौस हप्त्याहप्त्यानं फिटायची. आता पातळ लॅपटॉपांत बहुतेक ठिकाणी मेमरी बोर्डावरच झाळून टाकलेली असते. विकत घेताना जेवढी, तेवढीच शेवटपर्यंत. ठेवायचा तर सगळा, काढायचा तर सगळा. पत्रा उघडून हौस भागवण्याची ती सोय गेली, याचं मला वेगापेक्षा जास्त वाईट वाटतं.

थांबून राहणारे लोक शहाणे, असं म्हणावं तर त्याचाही एक इतिहास आहे. १९८१ साली अमेरिकेत ‘ऑस्बॉर्न १’ नावाचा कॉम्प्युटर आला. किंमत १,७९५ डॉलर, वजन सुमारे अकरा किलो, पडदा पाच इंची, आत बॅटरी नाही, आणि त्याला ‘पोर्टेबल’ म्हणत. मेमरी ६४ किलोबाइट, म्हणजे माझे तीन निबंध. तो धडाक्यात खपला. मग १९८३मध्ये कंपनीनं पुढच्या मॉडेलची वाच्यता जरा आधीच केली. लोक म्हणाले, मग आम्ही थांबतो. दुकानदारांनी मागणी रोखली आणि त्याच सप्टेंबरात कंपनीनं दिवाळं जाहीर केलं. एवढ्या एकाच कारणानं ती बुडाली का, यावर जाणकारांत वाद आहे. मोठ्या पडद्याचे स्पर्धकही तेव्हा आले होते. पण धंद्याच्या भाषेत ‘ऑस्बॉर्न इफेक्ट’ कायमचा बसला. या कंपनीचा मालक अ‍ॅडम ऑस्बॉर्न लहानपणी तमिळनाडूत तिरुवण्णामलैला वाढला. त्याचे वडील रमण महर्षींचे भक्त. ‘मी कोण’ एवढंच विचारत राहा, असं सांगणाऱ्या महर्षींच्या गावातला मुलगा, आणि त्याला बुडवलं म्हणतात ते ‘पुढचं मॉडेल कोणतं’ या प्रश्नानं.

तेव्हापासून कंपन्या तोंड बंद ठेवायला शिकल्या आणि गोंधळ गिऱ्हाइकाच्या पदरी आला. मार्च २०२०मध्ये अ‍ॅपलनं इंटेल प्रोसेसरचा नवा मॅकबुक एअर आणला. त्याच वर्षी ऐन दिवाळीच्या आठवड्यात एम१ चिपचा एअर जाहीर झाला. त्यात पंखासुद्धा नव्हता आणि आधीच्याला त्यानं पार मागे टाकलं. पुढे एम३चा एअर भारतात १,१४,९०० रुपयांपासून सुरू झाला, आठ जीबी मेमरीचा. ऑक्टोबर २०२४मध्ये तीच मेमरी सोळा जीबी झाली, दर न वाढवता. मार्च २०२५मध्ये एम४ आला तो ९९,९०० रुपयांना. जो थांबला त्याचे पंधरा हजार वाचले आणि वर मेमरी दुप्पट. आता अशा माणसानं का घ्यावा? तो अजून थांबलाच असेल. थांबणाऱ्याला थांबण्याची किंमत नेहमी मिळते, फक्त लॅपटॉप मिळत नाही.

ज्यांचे कॉम्प्युटर विंडोज १०वर होते आणि ११ला अपात्र ठरले, त्यांचा मला थोडा हेवा वाटतो. मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ही सपोर्ट संपण्याची तारीखच देऊन टाकली. घरात दाखवायला तारखेसारखा पुरावा नाही. माझ्याकडे नुसत्या जाड कडा.

भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याचं मत पहिल्यापासून स्पष्ट होतं. “मामा, आता अपग्रेड कराच. तुमच्या मशीनला एआयचं काही धड झेपणार नाही.” एआयचं मला काय करायचंय हे मी विचारलं नाही, तरुण माणसासमोर काही प्रश्न विचारायचे नसतात. निदान जुन्याचे किती येतात ते तरी बघू, म्हणून आम्ही दोघं लॅमिंग्टन रोडला गेलो.

जुने लॅपटॉप घेणाऱ्या दुकानदारानं माझा लॅपटॉप उलटा केला, झाकण दोनदा उघडलं-मिटलं, कडेचा एक ओरखडा नखानं तपासला. बैलबाजारात दात बघतात तसा त्यानं बॅटरीचा सायकल काउंट बघितला. “बिल आहे? ओरिजिनल बॉक्स?” बॉक्स आहे म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा आदर दिसला. आमच्या माळ्यावर टोस्टरपासून टीव्हीपर्यंत सगळ्यांचे खोके आहेत. त्यांचा असा कधीतरी उपयोग होईल हे मी घरात पूर्वीपासून सांगत आलोय. मग त्यानं आकडा सांगितला. तो खरेदीच्या निम्म्याहून कमी होता.

“मार्केट डाऊन आहे, शेठ. नवा मॉडेल आला ना.”

म्हणजे इथंही तोच आडवा आला. मी थोडी घासाघीस केली, त्यानं चहा मागवला, आकडा हलला नाही. कोपऱ्यावरच्या हॉटेलात भजी खाताना भाचा बराच वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, “मामा, एवढ्या कमीत त्याला कशाला देता? मलाच द्या ना. मी हळूहळू पैसे देईन.”

“पण त्याला काही झेपत नाही ना?”

“छे, मस्त मशीन आहे! कीबोर्ड एक नंबर. स्क्रीनचे रंग बघा. आणि नव्यात एचडीएमआयचा पोर्टच काढून टाकलाय, माहीत आहे? तुमच्यात आहे. माझे सगळे प्रोजेक्ट आरामात चालतील त्यावर, पुढची चार-पाच वर्षं तरी.”

नवं मॉडेल आल्यापासून माझ्या लॅपटॉपबद्दल इतकं चांगलं कोणी बोललं नव्हतं. मी त्याला आणखी एक प्लेट भजी मागवली आणि म्हटलं, एवढा चांगला आहे म्हणतोस, मग मीच ठेवतो.