ट्रॉलीची किल्ली

इमर्जन्सी ट्रॉली हे ग्रामीण रुग्णालयातील रुग्णसुरक्षेचे मुख्य साधन होय. तिला चार चाके, काही कप्पे आणि एक कुलूप असते. कप्प्यांत अ‍ॅड्रिनॅलिन, अ‍ॅट्रोपिन, अंबू बॅग, लॅरिंगोस्कोप असे सामान असते. मेंदूचा ऑक्सिजन तुटला की साधारण चार मिनिटांनी कायमची इजा होऊ लागते, म्हणून ट्रॉली हाताशी लागते. ती असतेही. किल्ली नसते.

किल्ली इन्चार्ज सिस्टरांच्या कपाटात असते, कपाटाची किल्ली त्यांच्या पर्समध्ये आणि पर्स जिल्ह्याच्या मीटिंगला. दुसरी किल्ली स्टोअरमध्ये असते. स्टोअरला कुलूप असते.

या व्यवस्थेची कसोटी पावसाळ्यात लागते. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर मिळून सर्पदंशाची एकच लस चालते. ती घोड्याच्या रक्तापासून बनते, त्यामुळे काहींना तिची जोरदार रिअ‍ॅक्शन येते. अंगावर गांधी उठतात, धाप लागते, बीपी घसरते. म्हणून लस लावण्याआधीच अ‍ॅड्रिनॅलिन सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवावे, असा नियम आहे. प्रत्यक्षात आधी गांधी उठतात आणि मग वॉर्डबॉय उठतो. तो मोटारसायकलला किक मारून सिस्टरांच्या घरी जातो, कुत्री भुंकतात, सिस्टर दार उघडतात, पर्स देतात, पर्समधली किल्ली कपाटाची आहे हे दवाखान्यात आल्यावर कळते, कपाटात अकरा किल्ल्यांचा जुडगा सापडतो आणि त्यातल्या एकीवरही चिठ्ठी नसते. अकरावी लागते. ती आधी रजिस्टरमध्ये नोंदवायची असते. रजिस्टरला दोरीने बांधलेल्या पेनात रिफिल नसते.

कुलपाऐवजी हाताने तुटणारे, नंबर घातलेले प्लास्टिकचे सील लावता येते. सील शाबूत म्हणजे सामान शाबूत. तुटले की सामान मोजायचे, नवे लावायचे. काही रुपयांची वस्तू. ती येत नाही, कारण कुलूप रुग्णासाठी नाहीच. ते ऑडिटसाठी आहे. अ‍ॅड्रिनॅलिनचे एक अ‍ॅम्प्युल कमी भरले तर सिस्टरच्या पगारातून वसुली होते. पेशंट कमी भरला तर केसपेपरवर ‘आणतेवेळीच अत्यवस्थ’ एवढे लिहून भागते. मग कुठली सिस्टर ट्रॉली उघडी ठेवील? तिला निष्काळजी म्हणायची सोय सगळ्यांना आहे, साहेबांना तर फारच. वसुलीच्या कागदावर सही करणाऱ्याने एकदा रात्री अडीच वाजता तो जुडगा हातात धरून पाहावा. अकराही किल्ल्या लावून पाहाव्यात. शेजारी पेशंटची आई उभी असावी.

17 सप्टेंबरला जागतिक रुग्णसुरक्षा दिन असतो. त्या दिवशी ट्रॉली पुसून दर्शनी भागात आणतात, हँडलला झेंडूची माळ घालतात, समोर रांगोळी काढतात आणि शपथ घेऊन फोटो काढतात. फोटोत कुलूप स्पष्ट दिसते.

एखादे प्रकरण गावात फारच गाजले तर चौकशी समिती येते. तिला कुलूप गंजलेले आढळते. मग नवे कुलूप मंजूर होते. त्याच्याबरोबर तीन किल्ल्या येतात आणि तिन्ही एकाच जुडग्यात अडकवल्या जातात.