वसूलराव मालिशला जातात

आमच्या सोसायटीत एक निवृत्त गृहस्थ आहेत. त्यांना आम्ही पाठीमागे वसूलराव म्हणतो. अमर्याद थाळीला जायचं असलं की ते आदल्या रात्री जेवत नाहीत. गाडीच्या एसी डब्यात मिळालेली चादर आणि ब्लँकेट, गारठा असो वा नसो, दोन्ही अंगावर घेतात. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा लेकीने त्यांना केरळी आयुर्वेदिक केंद्रातलं सात दिवसांच्या मालिशचं पॅकेज भेट दिलं. पैसे लेकीचे, पण ते वसूल करायची जबाबदारी वसूलरावांनी घेतली. सोबतीला म्हणून मीही पाठीसाठी नाव घातलं. आमच्या दोघांच्या मध्ये एक पडदा होता, पण त्यांचा आवाज पडद्याला मानत नाही.

पहिल्या दिवशी वैद्यबाईंनी विचारलं, "बीपी आहे?"

"या वयात कुणाला नसतं?"

"गोळी कुठली चालू आहे?"

"ते जाऊ द्या हो. तास कधीपासून धरणार ते सांगा."

येताना वसूलराव तर्रीदार मिसळ हाणून आले होते. रिकाम्या पोटी एवढी रगड सोसायची कशी, असा त्यांचा सवाल. वाग्भटांनी अष्टांगहृदयात रोज अभ्यंग करावा, डोकं, कान आणि तळपाय यांना तर विशेष करावा, असं सांगितलं आहे, हे त्यांना तोंडपाठ. अजीर्ण झालेल्याने अभ्यंग करू नये, असंही तिथे लगेच पुढे सांगितलं आहे, तिथवर मात्र त्यांचं वाचन पोचलेलं नाही.

केरळी पद्धतीत लाकडी द्रोणीवर झोपवतात, दोन्ही बाजूंना एकेक माणूस उभा राहतो आणि कोमट तेलाचे चार हात एका लयीत फिरतात. या लयीतच निम्मं सुख असतं. वसूलराव ती लय मोजत होते.

"थांबा. उजव्या पोटरीला सात वेळा, डाव्या पोटरीला पाचच? डावी काय सावत्र आहे?"

मालिश करणाऱ्यांपैकी पालक्काडचा एक पोरगा शांतपणे दोन हात जास्त मारायचा आणि म्हणायचा, "सार, लूज. बॉडी लूज."

अंग सैल सोडणं वसूलरावांना जमत नाही. सैल सोडलं तर जोर कळणार कसा? म्हणून ते दंड फुगवून पडतात. पाय उचलायला कुणी हात लावायच्या आत स्वतःच पाय उचलून देतात आणि त्याला सहकार्य म्हणतात. एकदा पोराने त्यांचा हात चोळून सोडून दिला, तरी तो हात ठराव मंजूर करायला वर केल्यासारखा हवेतच राहिला. "सार, खाली," पोरगा म्हणाला. वर "जरा जोर लाव रे, आमच्या वेळचे चौपाटीवरचे मालिशवाले हाडं बोलवायचे," हे पालुपद चालूच. जोर वाढला की दात आवळतील, पण दुखतंय म्हणून तोंडातून शब्द काढणार नाहीत. दुखतंय म्हटलं आणि पोराने हात हलका केला, तर नुकसान कुणाचं?

तेलाबाबतही तेच. वैद्यबाईंनी धान्वंतरम् लिहून दिलं, तर यांचा आग्रह की क्षीरबलाही थोडं लावा, महानारायण असेल तर तेही होऊन जाऊ द्या. वाटीत उरलेलं तेल गुडघ्यावर ओतून घेतल्याशिवाय ते उठत नाहीत. मग वाफेची पेटी. डोकं तेवढं बाहेर आणि त्या डोक्याचं सोन्याच्या भावावर भाषण चालू. शेवटी मुगाच्या पिठाने अंग चोळून आंघोळ करायची, तर तिला साफ नकार. पैशाचं तेल गटारात सोडायचं? तेलकट अंगाने, सीटवर वर्तमानपत्र पसरून ते रिक्षाने घरी आले. वैद्यबाईंनी पाणी प्या, विश्रांती घ्या असं बजावलं होतं. वसूलरावांनी अंग मोकळं झालंय तोवर म्हणून लोखंडी कपाट या भिंतीचं त्या भिंतीला नेलं. दुसऱ्या दिवशी पाठ धरली आणि दंडावर काळेनिळे वळ उठले. ते वळ त्यांनी साऱ्या जिन्याला दाखवले. "काय रगडलंय बघा!"

सातव्या दिवशी पडद्यापलीकडे अचानक शांतता पसरली. मोजणी बंद, भाव बंद. मग घोरणं सुरू झालं. चार हात आपल्या लयीत फिरत राहिले. तास संपला तेव्हा पोराने त्यांना हलकेच हाक मारली. "सार, आज फर्स्ट क्लास मसाज."

वसूलराव ताडकन उठून बसले. "मी झोपलो होतो? मग तेवढा वेळ धरायचा नाही! जागेपणी जेवढं झालं तेवढंच माझं. बाकीचं परत करा."

वैद्यबाईंनी हात जोडले. तास परत मिळाला नाही, आणि वसूलराव अजून सांगतात की शेवटच्या दिवशी त्यांना फसवलं.

माझ्या मते सात दिवसांत वसूल झाला तो तेवढाच एक तास. तेव्हा मालिशला जाणार असाल तर जेवण दोन तास आधी उरका, बीपी, साखर आणि जुनी दुखणी वैद्यांपासून लपवू नका, दुखलं तर तिथल्या तिथे सांगा, आणि मग तोंड मिटून पडा. पैसे दिलेत ते पडून राहण्याचेच.