चिरंजीव रायफल जमवतात

लँकेस्टर, पेनसिल्व्हेनिया
थँक्सगिव्हिंगच्या आधीचा रविवार

तीर्थरूप अण्णांना शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

पत्र पाहून दचकू नका, इकडे सगळे खुशाल आहेत. फोनवरच सांगणार होते, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि ही बातमी जिन्यातल्या मंडळींच्या कानावर अर्धवट पडली, तर संध्याकाळपर्यंत खडकीभर होईल. बातमी अशी की तुमचे चिरंजीव रायफल करताहेत. विकत घेत नाहीयेत, करताहेत. म्हणजे नळी एकीकडून, दस्ता दुसरीकडून, चाप तिसरीकडून असं मागवून गॅरेजमध्ये जमवताहेत. ज्या माणसाने लग्न झाल्यापासून घरात साधा खिळा ठोकलेला नाही, त्याच्याबद्दल मी हे लिहितेय, हे कृपया ध्यानात घ्यावं.

आधी कायद्याचं सांगते, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. इथे ग्रीनकार्डवाल्याला बंदूक घेता येते. एच-वन व्हिसावाल्याला एरवी मनाई, पण शिकारीचा परवाना काढला की चालतं. हरीण मारायचा कागद हातात आला की माणूस भरवशाचा ठरतो, असा काहीसा त्यामागचा विचार असावा. आणि गंमत म्हणजे कायद्याच्या लेखी रायफल म्हणजे फक्त तिचा मधला सांगाडा, ज्याला रिसीव्हर म्हणतात आणि ज्यावर क्रमांक कोरलेला असतो. तेवढा परवानाधारक दुकानात जाऊन घ्यायचा, ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरायचा, पडताळणी होऊ द्यायची. बाकीचं सगळं नुसतं लोखंड आणि लाकूड. ते पोस्टाने घरी येतं. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यात सुटे भागसुद्धा शस्त्रातच धरतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. इथे मात्र परवा रायफलची नळी आमच्या दारात तांदळाच्या पोत्याशेजारी उभी होती आणि पोस्टमन मला हसून हात करून गेला.

हे खूळ शिरलं शेजारच्या आजोबांमुळे. ते निवृत्त मेकॅनिक आहेत आणि दर हिवाळ्यात हरणाच्या शिकारीला जातात. या राज्यात तो एक सणच आहे. वर्षानुवर्षं रायफलचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी उघडायचा, २०१९ पासून तो शनिवारी उघडतो. तरी बऱ्याच शाळा सोमवारची सुट्टी अजून सोडायला तयार नाहीत. रानात जाताना डोकं, छाती आणि पाठ मिळून निदान २५० चौरस इंच भडक नारिंगी रंग अंगावर दिसला पाहिजे, असा नियम आहे. हरणाला तो रंग नीट ओळखू येत नाही, माणसाला येतो. आपल्या घरातून कुणी हरीण मारायचं नाही, हे आमचं ठरलेलं आहे. पण आजोबा यांना क्लबात घेऊन गेले, यांनी कागदाच्या निशाणावर चार गोळ्या झाडल्या आणि परत आले ते इंचांत बोलतच. १०० यार्डांवर तीन गोळ्या एका इंचाच्या आत बसल्या की इथे त्या रायफलीची पत वाढते. यांच्या बसल्या होत्या पुरणपोळीएवढ्या जागेत. दोष अर्थातच उसन्या रायफलीचा.

आजोबांचा सल्ला सरळ होता. दुकानात जा, पाच-सहाशे डॉलरची तयार रायफल घे, दुर्बीण बसव आणि उरलेल्या पैशांची काडतुसं आण. तयार बंदुकीवर ११ टक्के केंद्रीय कर असतो, तो १९३७ च्या कायद्याने वन्यजीवांच्या संवर्धनाकडे जातो, म्हणजे तेवढं पुण्यही पदरात. शिवाय पूर्वी एक इंचाची अचूकता मिळवायला कारागिराचे पाय धरावे लागत. आता संगणकावर चालणारी यंत्रं नळ्या आणि ॲक्शन (म्हणजे बोल्ट आणि काडतूस आत ढकलणारी यंत्रणा) इतक्या नेमक्या कापतात की स्वस्तातली रायफलसुद्धा बऱ्याचदा तेवढं करून दाखवते.

पण चिरंजीवांनी एक्सेलची शीट उघडली. तुम्हाला माहीत आहे, एकदा शीट उघडली की त्या माणसाशी बोलण्यात अर्थ नसतो. त्यांचा मुद्दा असा, की कंपनी सगळ्यांसाठी एकच माप करते. आपल्याला हवी तशी नळी, हवा तेवढा हलका चाप, आपल्या खांद्याच्या मापाचा दस्ता घेतला, तर पैसे फक्त हव्या त्याच गोष्टींवर जातात. शिवाय रेमिंग्टन ७०० हे मॉडेल १९६२ साली आलं आणि इतकं रुळलं, की आता कितीतरी कारखाने त्याच मापाचे भाग करतात. म्हणजे सगळं सगळ्याला बसणार.

बसणार म्हणजे शीटमध्ये. प्रत्यक्षात त्याच मापातही आखूड ॲक्शन आणि लांब ॲक्शन असे दोन पंथ आहेत, आणि त्यांचे सोयरसंबंध जुळत नाहीत. मग काडतूस कुठलं? १९०६ चं थर्टी-ऑट-सिक्स, १९५२ चं थ्री-ओ-एट, की २००७ चं सिक्स-पॉइंट-फाइव्ह क्रीडमूर? पहिल्याला लांब ॲक्शन लागते, उरलेल्या दोघांना आखूड चालते. दस्ता अक्रोडाचा घ्यावा तर तो दमट हवेत फुगतो आणि निशाण हलतं. फायबरचा घ्यावा तर तो फुगत नाही, पण त्याच्याकडे प्रेमाने बघवतही नाही. या विषयावर आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवढी चर्चा झाली, तेवढी तुमच्या नातीच्या शाळेवर झाली नव्हती.

मला हे सगळं लग्नाच्या हॉलसारखं वाटतं. हॉलवाल्याला एकरकमी पैसे दिले की भात कच्चा राहिला तरी एकाच माणसाची गचांडी धरता येते. आचारी, मांडववाला आणि वाजंत्रीवाले आपण वेगवेगळे ठरवले, की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. इथेही तेच झालं. दस्ता आला, पण काडतुसांच्या पेटीची खालची चौकट त्यात बसेना. दस्तावाला म्हणाला चौकटीचं माप चुकलंय, चौकटवाला म्हणाला दस्ता जरा घासून घ्या. तयार रायफलीला एक कारखाना असतो आणि एक हमीपत्र असतं. जमवलेल्या रायफलीला अनेक बाप असतात आणि अडचणीच्या वेळी एकही नसतो.

आता तुमच्या अधिकारातला विषय. तुम्ही उभी नोकरी खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत तपासणी खात्यात काढलीत, त्यामुळे तुम्ही पहिला प्रश्न काय विचाराल ते मला ठाऊक होतं, आणि तो मीच विचारून टाकला. “गेज लावला का?” चिरंजीव गप्प झाले. काडतूस आत बसल्यावर बोल्टच्या तोंडापर्यंत जी मोकळीक उरते, ती नेमकी असावी लागते. जास्त झाली तर पितळी केस फाटू शकते, कमी पडली तर बोल्ट मिटत नाही. गो गेजवर बोल्ट मिटला पाहिजे, नो-गोवर मिटता कामा नये, आणि दोन्हींत फरक असतो इंचाच्या काही हजारांश भागांचा. सॅव्हेज कंपनीच्या १९५८ च्या ११० मॉडेलमध्ये नळी एका मोठ्या नटाने आवळलेली असते, म्हणून हौशी लोक ती घरीही बदलतात. इतर बहुतेक ठिकाणी लेथवरचं काम लागतं. मी सांगितलं, ही नळी परवानाधारक कारागीरच बसवेल आणि गेजही तोच लावेल, नाहीतर गॅरेजला कुलूप. ते मान्य झालं. त्यामुळे “स्वतः केलेली रायफल” यातला स्वतः बराचसा कारागिराकडे गेलेला आहे.

मध्यंतरी आम्ही इथल्या लँडिस व्हॅलीच्या संग्रहालयात गेलो होतो. अठराव्या शतकात जर्मन मुलुखातून आलेल्या जेकब डिकर्टसारख्या कारागिरांनी याच लँकेस्टरमध्ये लांब नळीच्या रायफली घडवल्या. दस्ता लहरेदार मेपलचा, घोड्याची यंत्रणा पुष्कळदा विलायतेहून आलेली. चिरंजीवांना केवढा आनंद झाला! म्हणाले, बघ, परंपराच आहे. मी म्हटलं, त्या कारागिराला तयार मिळत नव्हती म्हणून तो जमवत होता. शिवाय त्याच्या एका रायफलीचा भाग दुसरीला लागत नसे, दर वेळी कानशीने घासून बसवावा लागे. बदलता येण्याजोगे सारखे भाग हार्पर्स फेरीच्या शस्त्र कारखान्यात जॉन हॉल यांनी १८२० च्या दशकात रायफलीसाठी करून दाखवले. त्यांनी एवढा खटाटोप केला तो कुणाला गॅरेजमध्ये घासत बसायला लागू नये म्हणून.

दुसरं उदाहरण मी कोल्हापूरचं दिलं. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्य आणलं, तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिचमध्ये जगज्जेती झाली. या खेळातल्या रायफली नावाजलेल्या कारखान्यांतून तयार येतात. नेमबाज दस्त्याची लांबी आणि गालाची पट्टी आपल्या अंगाला जुळवून घेतो, कुठल्या घाण्याची काडतुसं तिला मानवतात ते तपासतो आणि मग झाडत बसतो, वर्षानुवर्षं. आमच्याकडे रायफल झाली की मग झाडायचं, असा बेत आहे.

हिशेब म्हणाल तर एव्हाना तयार रायफलीच्या तिप्पट पैसे गेलेत, आणि नळी आवळायची हत्यारं वेगळीच. विकायला काढली तर निम्मेही यायचे नाहीत, कारण दुसऱ्याच्या आवडीचे पैसे कुणी देत नाही. माझं मत ठाम आहे. पहिली रायफल तयारच घ्यावी. तिच्यात आपल्याला काय खुपतं ते कळलं, की दुसरी खुशाल जमवावी. आजोबांचंही हेच म्हणणं आहे.

पण तेच आजोबा आता रोज संध्याकाळी आमच्या गॅरेजमध्ये असतात. त्यांच्यामागून त्यांचा जावई येतो, कोपऱ्यावरचा सुतार दस्ता बघायला येतो, आणि बोल्ट कसा हलतो यावर सगळे आळीपाळीने हुं म्हणतात. इतकी वर्षं या गल्लीत आम्ही नुसते हात करत होतो. आता मी चहाचं मोठं पातेलं काढलंय, आणि सुताराला आलं जास्त लागतं. तयार रायफल कशी, माणूस एकटा जातो आणि एकटा घेऊन येतो. सुटे भाग एकट्याने जमत नाहीत. शीटमध्ये या खर्चाला रकाना नाही, म्हणून मीच एक जोडलाय: दूध, साखर, आलं.

पुढच्या व्हिडिओ कॉलवर तुम्ही फक्त गेजचं विचारा, आवाज जरा तपासणी खात्यातला ठेवा. तुमची नात बरी आहे, गो आणि नो-गो तिला पाठ झालंय. सौ. आईंना सा. न.

तुमची आज्ञाधारक सून

ता. क. हे पत्र आईंना वाचून दाखवाल तेव्हा रायफलच्या जागी शिलाई मशीन म्हणा, बरंचसं खपून जाईल. गोळ्या आल्या, की त्या रक्तदाबाच्या.