क्रांती खेडपर्यंत आली आहे

जगात कुठेही क्रांती झाली की ती आधी खेडला उतरते. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली तेव्हापासूनचा हा शिरस्ता. गाडी खेडवरून तशीच पुढे निघून जाते आणि दापोलीला जे काही यायचं असेल ते एस.टी.ने नाहीतर वडापने वळणं घेत येतं. त्यामुळे इथे पोचेपर्यंत क्रांतीला थोडं मळमळत असतं.

मोबाइल आला आणि ही सोय गेली. आता क्रांती थेट पहाटे, सुप्रभातच्या गुलाबाखालून येते. ती खरी की खोटी हे सांगायला कोणीतरी हवं म्हणून गावाने माणसंही नेमली आहेत. २०२०च्या टाळेबंदीत हिंजवडी, ऐरोली आणि बंगळूरहून पोरं लॅपटॉप घेऊन घरी आली. बरीचशी परत गेली. काही अजून माडीवर बसून, वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली बर्म्युडा अशा वेशात, रात्री अकरा वाजता अमेरिकेशी बोलतात. चांद्रयान उतरलं, विचारा माडीवरच्या पोराला. लोणारच्या तळ्याचं पाणी गुलाबी झालं, विचारा त्याला. हापूसच्या मोहोरावर फुलकिडे पडले, तरी विचारा त्यालाच. संगणकात आहे ना तो!

त्याचं उत्तर मात्र ठरलेलं असतं. आधी नाकातून एक बारीक आवाज, मग, "असेल."

शेजारच्या काकांना हे "असेल" सहन होत नाही. २०२४च्या डिसेंबरात ते धावतच माडीवर गेले. गूगलने विलो नावाची क्वांटम चिप केली होती. जे गणित आजच्या सगळ्यात दांडग्या महासंगणकाला सोडवायला एकावर पंचवीस शून्यं इतकी वर्षं लागतील, ते तिने पाच मिनिटांत उरकलं म्हणे. विश्वाचं वय चौदाशे कोटी वर्षांच्या आत, म्हणजे हा आकडा विश्वालाही परवडणारा नाही. काकांचे डोळे भरून आले होते.

पोराने विचारलं, "काका, पण गणित कोणतं?"

आता उत्तेजित माणसाला असं विचारायचं असतं का? पण विचारलं. गणित असं होतं की चिपने यादृच्छिक उलटसुलट उड्या मारायच्या आणि त्यातून येणाऱ्या आकड्यांचा नमुना काढायचा. हे काम चिपला जमावं म्हणूनच निवडलेलं. त्याचा व्यवहारात उपयोग काय, तर चिपला ते जमतं हे सिद्ध होतं. "काम भारीच आहे," पोरगा म्हणाला, "पण त्यांना म्हणावं, एक कोकणातला सामायिक सातबारा फोडून दाखवा. सत्तेचाळीस नावं, त्यातली वीस मयत, पंधरा मुंबईत, एक जण सही करत नाही. पाच मिनिटं नको, पाच वर्षं घ्या."

काका खाली आले ते गप्पच होते. त्यांच्या स्वतःच्या सातबाऱ्यावर बावन्न नावं आहेत.

या जमातीचा स्वभाव मला हळूहळू कळत गेला. २०२३च्या जुलैत दक्षिण कोरियातल्या मंडळींनी जाहीर केलं की एलके-९९ नावाचा एक दगडासारखा पदार्थ साध्या तापमानालाच अतिवाहक होतो. वीज फुकट वाहणार, गाड्या तरंगणार! ऑगस्ट संपायच्या आत इतर प्रयोगशाळांनी करून पाहिलं तर दगड दगडच निघाला. त्यात मिसळलेल्या कॉपर सल्फाइडने सगळा घोळ केला होता. बाकी जग हळहळलं. माडीवरून फक्त एक वाक्य आलं, "त्यांच्या मशीनवर चालत असेल." या वाक्यावर ही सगळी पोरं हसून लोळतात, कारण ग्राहकाची तक्रार आली की सगळ्यात आधी तेच हे वाक्य बोलतात.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर मात्र त्यांचं हसणं जरा कोरडं असतं. २०२४च्या फेब्रुवारीत दुबईत एनव्हिडियाच्या जेन्सन हुआंग यांनी सांगितलं की आता कोणालाही प्रोग्रामिंग शिकायची गरज पडू नये अशी व्यवस्था आम्ही करतो आहोत. ज्या चिपांवर ही व्यवस्था चालायची त्या तेच विकतात, हा केवळ योगायोग. पुढच्याच महिन्यात डेविन नावाचा जगातला पहिला यांत्रिक सॉफ्टवेअर इंजिनिअर अवतरला. दापोलीत तीन घरांतून मुलांच्या लग्नाच्या बोलण्यांवर परिणाम झाल्याचं मी ऐकून आहे. वर्षभराने आंद्रे कारपाथी या संगणकतज्ज्ञाने नवी पद्धत सांगितली: कोड वाचायचासुद्धा नाही, यंत्राला हवं ते सांगायचं आणि लहर येईल तसं पुढे जायचं.

मग २०२५चा जुलै उजाडला. रेप्लिट या कंपनीच्या यांत्रिक सहायकाकडून एक अमेरिकन उद्योजक ॲप बनवून घेत होता. कशालाही हात लावायचा नाही, अशी त्या सहायकाला सक्त ताकीद होती. त्याने चालू डेटाबेसच पुसून टाकला. विचारल्यावर कबुली दिली की मी घाबरलो होतो. वर सांगितलं की गेलेली माहिती आता परत येणार नाही. ती परत आली, म्हणजे तेही खोटंच होतं.

त्या दिवशी माडीवर जो आनंद झाला तो मी विश्वचषकालाही पाहिला नव्हता. "हुकूम मोडला, नुकसान केलं, घाबरला आणि वर थाप मारली," पोरगा डोळे पुसत म्हणाला, "काका, आता मात्र मानलं. हा खरंच माणसाची जागा घेणार."

त्याच महिन्यात टीसीएसने साधारण दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करणार असल्याचं सांगितलं. त्याआधी नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला सत्तर तास काम करायचा सल्ला दिला होता आणि एल अँड टीच्या प्रमुखांनी नव्वद तासांचा. माडीवरच्या मंडळींनी हिशेब मांडला: तास वाढले, माणसं घटली, सरासरी जमली. या विनोदावर मात्र कोणी हसलं नाही.

यांचा खवचटपणा कुठून येतो? माझं मत असं की तो दोन ठिकाणांहून येतो. एक, कोकणातला जन्म. दुसरं, यंत्र आतून पाहिलेलं असणं. जो विकतो तो विश्वास ठेवतो, किंवा निदान ठेवल्यासारखं बोलतो. जो बनवतो त्याला माहीत असतं की हे सगळं कुठल्या दोन खिळ्यांवर टांगलेलं आहे.

खिळे किती बारीक असतात याचे दाखले जग हल्ली वरचेवर देतं. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने एक छोटी फाइल जगभर धाडली. एका ठिकाणी एकवीस रकाने धरलेले होते, दुसरीकडून वीसच आले. तेवढ्यावर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने पंच्याऐंशी लाख संगणक निळे पडले. विमानं अडकली आणि आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. काका म्हणाले, एस.टी.च्या कंडक्टरची तिकिटांची पेटी आणि खटखट वाजणारा पंच तुम्ही अडगळीत टाकलात, आता भोगा. २० ऑक्टोबर २०२५ला ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या केंद्रात दोन स्वयंचलित यंत्रणा एकमेकींच्या पायात आल्या, पत्त्यांच्या वहीतली एक नोंद कोरी राहिली आणि जगभरची दुकानं, खेळ आणि बँकांची ॲपं अडली.

दापोलीला याचं नवल नाही. इथे ३ जून २०२०ला निसर्ग वादळ येऊन गेलेलं आहे. ते किनाऱ्याला लागलं पलीकडे श्रीवर्धनच्या बाजूला, पण दापोली-मंडणगडच्या नारळी-पोफळी आणि आंब्याची जुनी कलमं मुळासकट आडवी करून गेलं. खांब पडले, टॉवर मुके झाले, कित्येक गावांत वीज यायला आठवडे गेले. नुकतीच घरून काम करायला लागलेली पोरं अंगणात बसून कौलं मोजत होती. त्यांची सगळी कामं दूर कुठेतरी ढगात सुरक्षित होती म्हणे. ढगांबद्दल बोलायची ती वेळ नव्हती. घाटावरून वायरमन आले, चिखलात उभे राहिले आणि खांब उभे केले. अमेरिकेतल्या साहेबाने विचारलं, पुढच्या वेळी पर्यायी व्यवस्था काय? पोराने प्रामाणिकपणे लिहिलं, वायरमन.

यांना आदर कशाचा वाटतो हे पाहायचं असेल तर कासवांची गोष्ट काढावी. २०२२च्या जानेवारीत वन विभाग आणि भारतीय वन्यजीव संस्थेने कोकण किनाऱ्यावरच्या ऑलिव्ह रिडले कासवांच्या पाठीवर उपग्रह यंत्रं बसवली. वेळासच्या कासविणीचं नाव प्रथमा, आमच्या आंजर्ल्याची सावनी. काही दिवस अख्खा तालुका सावनी कुठे पोचली ते फोनवर पाहत होता. पुढे एकेक यंत्र गप्प झालं. "बॅटरी," माडीवरून निदान आलं. कासवं मजेत पोहत असतील, ऑफलाइन. मग २०२५च्या जानेवारीत गुहागरला एक कासवीण अंडी घालायला आली. तिच्या पायाच्या वल्ह्याला धातूची पट्टी होती, क्रमांक ०३२३३. ही पट्टी लावली होती २०२१ साली, ओडिशाच्या किनाऱ्यावर. भारताला वळसा घालून साडेतीन हजार किलोमीटर आली असावी असा अंदाज. बॅटरी नाही, अपडेट नाही, पासवर्ड नाही. चार वर्षं खाऱ्या पाण्यात राहून आकडा जसाच्या तसा. माडीवर त्या दिवशी कोणी नाकातून आवाज काढला नाही.

आणि आंबा. राज्य सरकारने २०२५च्या जूनमध्ये शेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचं धोरण मंजूर केलं, पाचशे कोटींची तरतूद आहे. बागायतदारांनी पोरांना विचारलं, याने आंब्याचं काय होईल? उत्तर अनपेक्षित आलं. पोरगा म्हणाला, आंब्याचा प्रॉब्लेम तर आपल्या कृषी विद्यापीठाने कधीच सोडवलाय. हापूसमध्ये साका होतो, म्हणजे आतला गर बिघडतो, ही या जुन्या प्रणालीतली सर्वांना माहीत असलेली चूक. विद्यापीठाने नीलम आणि हापूसचा संकर करून १९८१ साली रत्ना आणला: साका नाही, दरवर्षी फळ. मग रत्ना आणि हापूसपासून १९९२ला सिंधू आणला, त्याची कोय कागदासारखी. दोन आवृत्त्यांमध्ये अकरा वर्षं, आणि तरीही दोन्ही चालतात! पण गिऱ्हाईक काय मागतं? साक्यासकट हापूस. वर २०१८पासून त्याला भौगोलिक मानांकन. "काका, लोक चुकीसकट जुनंच मागतात, यावर आमच्या कंपनीचा निम्मा धंदा चालतो. या आंब्यामुळेच आमच्या नोकऱ्या थोड्या जास्त टिकतील."

तेव्हा वाचकहो, पुढची क्रांती खेडला उतरली की घरच्या संगणकवाल्याला ती खरी की खोटी हे विचारू नका. विचारा, तू स्वतःची कागदपत्रं आणि फोटो त्या यंत्राच्या भरवशावर ठेवशील का? तो लॅपटॉप बंद करेल आणि एरवी कधी देत नाही तो सल्ला देईल: दोन प्रती काढा, एक घराबाहेर ठेवा, आणि ती दुसरी खरोखर उघडते का ते आजच तपासून पाहा. वीज आहे तोवर.