दिवा झाका, गाडी हाका

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा सतत जळू लागला की त्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवणाऱ्या गाडीमालकांचे जाहीर कौतुक व्हायला हवे. नखाएवढ्या तुकड्यात खर्च टळतो, घरात शांतता नांदते आणि गाडी कालच्यासारखीच धावते. इतकी स्वस्त दुरुस्ती दुसरी नाही.

हा दिवा मुळातच चहाडखोर. आपल्याकडे २०१३ च्या एप्रिलपासून नव्या मोटारींना ओबीडी-२ ही स्वतःचे बिघाड स्वतः ओळखणारी यंत्रणा बंधनकारक झाली. तेव्हापासून गाडीतला कॉम्प्युटर सिलिंडरमधले ज्वलन, पेट्रोल-हवेचे प्रमाण, धुराच्या नळीतला ऑक्सिजन यांवर डोळा ठेवून असतो. बिघाड दिसला की एक अक्षर आणि चार आकड्यांचा कोड नोंदवतो; त्या क्षणी इंजिनाचे फेरे किती, तापमान किती, भार किती, याचा पंचनामाही करून ठेवतो. दुसऱ्याच्या गाडीत इतके लक्ष घालणे सभ्यपणाचे नव्हे.

म्हणून बॅटरीचे टर्मिनल काढून पुन्हा लावणाऱ्या कारागिरांविषयी मला आदर आहे. परवा एकाला जवळून पाहिले. दहा नंबरचा पाना, दोन आट्यांत नट सैल, निगेटिव्ह केबल बाजूला, मग चहा. चहा संपला, केबल बसली. घड्याळ मागे गेले, कोड पुसला गेला, पंचनामाही गेला. ‘झालं साहेब, गेला दिवा!’ केसपेपर जाळला की रोगी बरा होतो, हे इतक्या स्वच्छपणे क्वचितच सिद्ध होते. चार दिवसांनी दिवा परतला, तो गाडीचा हट्ट.

तितकाच मान कोड वाचून थेट सुटा भाग बदलणाऱ्यांचा. पी०४२० आला? कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नवा टाका. आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असते. झिजलेला स्पार्क प्लग तपासत बसण्यापेक्षा मौल्यवान धातूत पैसे घालणे प्रतिष्ठेचे. प्लग तसाच राहिला तर नवा कन्व्हर्टरही जुन्याच्याच वाटेने जातो, इतकेच. पी०१७१ म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. ऑक्सिजन सेन्सर बदलावा, चिरलेल्या व्हॅक्यूमच्या रबरी नळीला हात लावू नये. त्यामुळे ग्राहक पुन्हा येतो आणि ऋणानुबंध टिकतात.

दिवा उघडझाप करू लागला तर काही भित्रे लोक वेग कमी करून गाडी बाजूला घेतात. कारण काय, तर सिलिंडर चुकतो आहे, न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आहे आणि तो आतून वितळू शकतो. टेपखाली उघडझापही दिसत नाही, हा टेपचा विशेष गुण.

तिचा खरा उपयोग मात्र गाडी विकताना. चावी फिरवल्यावर हा दिवा आधी पेटावा आणि इंजिन सुरू झाले की विझावा, अशी रीत आहे. घेणाऱ्याला ती ठाऊक नसली की सौदा सुखाने होतो. मग एखाद्या संध्याकाळी तो खंबाटकीच्या चढाला लागेल. इंजिन गचके देऊ लागेल, मागून ट्रकचा हॉर्न वाजत असेल. मागच्या सीटवर त्याची लेकरे निवांत झोपलेली असतील आणि त्याच्यासमोर धोक्याचा एकही दिवा जळत नसेल.