बत्तीसाव्या हिश्श्याचं कोकण

माड बत्तीस पटींनी लहान केला तरी दोन फूट उरतो. साठ-पासष्ट फुटांचा माड भागिले बत्तीस, हिशेब सरळ आहे. त्याच हिशेबाने मोटारगाडी पाच इंच आणि माणूस दोन इंच. पण पुण्याच्या गिऱ्हाइकाने फोटो पाहिला की पहिला प्रश्न ठरलेला, "माड जरा जास्तच उंच झालाय का हो?" त्यांना माड हवा असतो वीतभर, मान न वाकवता अख्खा दिसेल असा. मी सांगतो, माड एवढाच असतो. तुम्ही तो आजवर गाडीच्या काचेतून बघितलात, म्हणून तुमच्या वाट्याला फक्त बुंधा आला.

धंदा काय तो आधी सांगायला हवा. आमच्या जयगडात विचारलंत तर "तो होय, तो खेळण्यातली घरं करतो" एवढंच उत्तर मिळेल, आणि ते ज्या सुरात मिळेल त्या सुरावरून मला अजून नोकरी लागायची आहे असा तुमचा समज होईल. मी स्लॉट कारच्या ट्रॅकभोवतीचे देखावे करतो आणि विकतो. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: प्लॅस्टिकच्या रस्त्यात एक खाच असते, खाचेच्या दोन्ही अंगांना धातूच्या पट्ट्या, पट्ट्यांत बारा-पंधरा व्होल्टची वीज. गाडीच्या पोटाखाली पुढच्या बाजूला एक पातं असतं ते खाचेत बसतं, आणि पात्याशेजारचे तांब्याच्या तारांचे झुपके पट्ट्यांवर घासत वीज घेतात. हातातलं बटण दाबाल तेवढी गाडी पळते. स्टिअरिंग नाही. वळणावर बोट सैल केलं नाहीत तर गाडी खाच सोडून हवेत जाते, आणि तुम्ही "ट्रॅकच खराब आहे" म्हणता.

हा खेळ इंग्लंडातल्या फ्रेड फ्रान्सिस यांनी १९५७ साली हॅरोगेटच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात 'स्केलेक्स्ट्रिक' या नावाने मांडला. आधी ते चावीच्या पत्र्याच्या गाड्या करत. पुढे १९६३ मध्ये जर्मनीत 'करेरा' आली. घरोघरी खेळतात त्या बहुतेक गाड्या एकास बत्तीस मापाच्या, आणि माझं कोकण त्या मापाला बांधलेलं आहे. आमच्या खळ्यातून मान वर केली की १२०० मेगावॉटच्या वीजप्रकल्पाची धुराडी दिसतात. मला लागतात बारा व्होल्ट. तरी पावसाळ्यात एखादी झावळ तारेवर पडली की त्या बाराचीही पंचाईत होते, आणि शर्यतीच्या ऐन रंगात दोन्ही गाड्या सभ्यपणे जागच्या जागी उभ्या राहतात.

आमची मुळात गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायचा कारखाना. आषाढ-श्रावणात मान वर करायला उसंत नसते. विसर्जन झालं की शाळेला सुट्टी आणि मास्तरला उपास. अशाच एका रिकाम्या कार्तिकात पुण्याच्या भाच्याचा फोन आला. संगणकाच्या नोकरीत पैसे बरे मिळत असावेत, कारण त्याने फ्लॅटमधली एक अख्खी खोली ट्रॅकला दिली होती. "मामा, ट्रॅकच्या आजूबाजूला काहीतरी करून दे ना. बाजारात मिळतं ते सगळं परदेशी आहे." ते खरं होतं. या खेळासोबत मिळतात ती प्रेक्षकांची स्टँड, टायर बदलायच्या टपऱ्या, फार तर गवताच्या पेंढ्या. भाच्याला हवं होतं आजोळ.

मला वाटलं, काय अवघड आहे! भुवईची आखणी करणाऱ्या हाताला घराची चौकट काय जड? आणि डोंगर तर महाराष्ट्रातलं कुठलंही पोर करतं. युरोपातले हौशी लोक कोंबड्यांच्या जाळीवर प्लॅस्टरच्या पट्ट्या चढवतात, म्हणजे हाड मोडल्यावर डॉक्टर लावतो त्याच, आणि या कृतीवर जाडजूड पुस्तकं काढतात. आपल्याकडे दिवाळीत दहा वर्षांचा मुलगा विटा-दगडांचा ढीग करतो, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट टाकतो, वर हळीव पेरतो, आणि पाडव्यापर्यंत त्याचा रायगड हिरवागार. त्याला पुस्तक लागत नाही. शेजारच्या मुलाचा किल्ला त्याच्यापेक्षा मोठा आहे एवढं कळलं की पुरतं.

गवतासाठी लाकडाच्या गिरणीतला भुसा रंगवतो. वासे खराट्याच्या हिरांचे. कुंपणाची झुडपं सुक्या घोसाळ्याच्या जाळीची. चिऱ्यासाठी आमच्या परसातला जांभा कुटतो आणि वस्त्रगाळ करून डिंकात कालवतो; सव्वा फुटाचा चिरा या मापात जेमतेम सेंटिमीटरभर होतो, आणि एका पाखाडीला असे किती लागतात ते कुणी विचारू नये. थर्मोकोलचं नाव काढत नाही. २०१८ मध्ये राज्यात मखराच्या थर्मोकोलवर बंदी आली तेव्हा सगळे हळहळले. आम्हाला मात्र वर्षानुवर्षं कागदाच्या लगद्यात हात घालून बसल्याचं प्रथमच सार्थक वाटलं.

घरात तणाव उद्भवला तो आंब्याच्या झाडांवरून. परदेशात झाडोऱ्यासाठी रंगवलेलं शेवाळासारखं काहीतरी विकतात, त्याची चौकशी केली तर ते निघालं दगडफुलाच्या जातकुळीतलं. दगडफूल तर घरातच होतं, मसाल्याच्या डब्यात. पहिली बाग उभी राहिली तेव्हा आमच्या हिला गोड्या मसाल्याची चव उतरल्याचं जाणवलं. तिने डबा तपासला, मग बाग तपासली, आणि एक कलम उपटून हुंगून पाहिलं. आता दगडफूल मी वेगळं आणतो आणि पावती दाखवतो. पण पुण्याच्या त्या खोलीत अजून दोन-चार फेऱ्यांनंतर मोटारी तापल्या की सगळ्यांना भूक लागते, असं भाचा सांगतो.

आमच्या हवेचाही या धंद्यावर डोळा आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि उरलेल्या दिवसांत खारा वारा. नमुन्याला ठेवलेल्या ट्रॅकच्या पोलादी पट्ट्या गंजतात, त्या दर आठवड्याला पुसाव्या लागतात. एका श्रावणात पडवीत ठेवलेल्या कौलारू घरावर खरंखुरं शेवाळ धरलं. कोपऱ्यात बुरशीची पांढरी लव आली, भिंतीला ओल चढली. असं हुबेहूब काम माझ्या हातून आजवर झालेलं नाही. मी ते घर जास्त दराने विकलं.

माल तयार झाला की पडवीत मांडून ठेवतो. तिथून वाद सुरू होतात. भाच्याच्या देखाव्यात आमचं घर, शेजारी चुलतभावाचं घर आणि मधला गडगा असा बेत होता. चुलतभाऊ दूध घालायला आले होते ते किटली हातात धरून तिथेच उकिडवे बसले. बराच वेळ बघून म्हणाले, "गडगा आमच्यात सरकवलास." मी म्हटलं, अण्णा, हा पुठ्ठा आहे. ते म्हणाले, "पुठ्ठा का असेना." मग पट्टी आली. पाऊण सेंटिमीटर निघाला. बत्तीसने गुणलं तर वीतभर. वीतभर जमिनीवरून आमच्याकडे कज्जे तीन-तीन पिढ्या चालतात. मी तर लेखी नाही तरी पुठ्ठ्याचा पुरावा तयार करून दिला होता, असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी ते जुना नकाशा घेऊन आले. दुसऱ्या दिवशी त्यांचे थोरले आले आणि त्यांनी आपल्या घरामागचा हापूस माझ्या देखाव्यात नाहीच हे उघडकीला आणलं. अखेर गडगा काढला आणि काट्यांची वई घातली. वई दरवर्षी नव्याने घालायची असते, त्यामुळे दोन्ही बाजूंना आशा राहते.

विक्रीचं सांगायचं तर माल घेणारे कमी आणि किंमत विचारणारे पुष्कळ. "एवढ्याशा घराचे एवढे? ह्यात खरे चिरे येतील!" येतील की. पण ते पाच इंची मोटारीशेजारी ठेवून बघा. पार्सल नोंदवताना काउंटरवरच्या भल्या माणसाने विचारलं, आत काय? मी म्हटलं, कौलारू घर, एक, विहीर, एक, माड, चार. त्याने चष्म्यावरून पाहिलं आणि सातबारा जोडलाय का विचारलं. मेलबर्नच्या एका मराठी कुटुंबाची मागणी आली तेव्हा वेगळाच पेच. ऑस्ट्रेलियात माती, बिया, गवत असलं काही विमानतळावर पुढे जाऊ देत नाहीत. म्हणजे कोकणातून लाल माती, भुसा, हीर आणि हळीव वजा करायचे आणि उरेल ते पाठवायचं. मी रंगाने माती केली आणि प्लॅस्टिकचे वासे घातले. त्यांनी कळवलं, अगदी गावची आठवण झाली. आता गावाला खरोखरच स्लॅबची घरं झाली आहेत, तेव्हा ते खोटं बोलत असतील असं नाही.

मागण्या तऱ्हेतऱ्हेच्या. मुंबईच्या एका चाकरमान्यांनी शिमग्याची पालखी मागितली, ढोलवाल्यांसकट. ती त्यांनी नेमकी सुरुवातीच्या रेषेवर ठेवली आहे. पालखी पुढे सरकल्याशिवाय शर्यत सुरू करायची नाही असा नियम केला. एकांना जयगडचा किल्ला हवा होता, ट्रॅक खंदकातून काढून. खंदक खणणाऱ्यांनी तो कुणी आत येऊ नये म्हणून खणला होता हे मी त्यांना सांगितलं, पण गिऱ्हाइकापुढे इतिहास चालत नाही. किल्ल्याच्या पायथ्याची जेटी आणि पलीकडच्या तवसाळला जाणारी फेरीबोट मी आपल्या मनाने घातली. बोट आली नसेल तर गाडी थांबते, हे त्यांना आवडलं नाही.

पण खरं दुखणं निराळं. देखावा कुणी बघतच नाही. पुण्यात कोथरूडला जोश्यांचं छोट्या रेल्वेगाड्यांचं संग्रहालय आहे, १९९८ पासूनचं. तिथे लोक गाडीबरोबर घरं, रस्ते, दिवे सगळं निवांत बघतात, कारण आगगाडीला घाई नसते. गणपतीपुळ्याच्या 'प्राचीन कोकण'मध्ये पुतळे माणसाएवढे, तिथे बघण्यावाचून गत्यंतरच नाही. इथे गाडी पाच-सात सेकंदांत फेरी मारते आणि खेळणाऱ्याचे डोळे तिच्या शेपटाला चिकटलेले. मी तीन रात्री जागून पाखाडीच्या पायऱ्या झिजवाव्यात आणि त्याने त्या वाऱ्यासारख्या मागे टाकाव्यात! इंग्लंडात २००९ च्या ऑगस्टमध्ये जेम्स मे या टीव्हीवाल्याने ब्रुकलँड्सच्या जुन्या शर्यतमार्गावर जवळजवळ पावणेपाच किलोमीटरचा स्केलेक्स्ट्रिकचा ट्रॅक मांडला होता. त्यात तळी, रस्ते, इमारती सगळ्या खऱ्याच होत्या. म्हणजे जगातल्या सर्वांत लांब ट्रॅकवर देखावेवाल्याला एक पैसा मिळाला नाही.

बारकाईने बघितल्यावर मात्र एक गोष्ट ध्यानात आली. जिंकणारा काही बघत नाही हे खरं, पण ज्याची गाडी उडते तो बघतो. ती उचलायला त्याला वाकावं लागतं, आणि वाकला की नाकासमोर माझी ओटी, माझं वृंदावन, दोरीवरचं लुगडं. मुंबई-गोवा रस्त्यावर तरी दुसरं काय होतं? गाडी बंद पडली की लोक खाली उतरतात आणि म्हणतात, अरे, काय सुंदर आहे इथं! तेव्हापासून उत्तम काम मी सर्वांत अवघड वळणाच्या बाहेरच्या अंगाला मांडतो. अर्थात धोका पत्करून, कारण वळणावर गाडीचं ढुंगण बाहेर फिरतं आणि जवळ असेल ते झोडपून काढतं. घर चार बोटं मागे घ्यावं लागतं. विहिरीला कठडा लागतो. गवताची उडवी चालते, तिला काही होत नाही.

अशा एका वळणावर मी आमच्या आत्येला बसवली. दोन इंचांची, रस्त्याकडेला कोकमं वाळत घालून कावळे हाकणारी. खरी आत्ये एकदा ती बघायला आली. "माझं नाक एवढं आहे होय रे मेल्या?" म्हणाली, आणि मापात आहे असं सांगितलं तर "मग माप बदल" म्हणाली. नाक तेवढंच ठेवलं. पण पहिल्याच रविवारी भाच्याच्या मित्राने लाल फेरारी थेट तिच्या अंगावर घातली. दुसरी पाठवली, तीही गेली. मग इतर गिऱ्हाइकांकडूनही निरोप येऊ लागले. घर नको, माड नको, आत्ये हवी. कुणी तीन मागवल्या, कुणी अर्धा डझन. गणपतीच्या शाळेत माघ महिन्यात ओळीने वाळत घातलेल्या पंधरा-वीस आत्या बघून आमच्या हिने देवाला नमस्कार केला.

हे फार दिवस चालू देणं बरं दिसेना. समोरच्या खाडीवरच्या मासेमारांकडून जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या आणल्या, वितळवून आत्येच्या बैठकीत ओतल्या आणि वरून पहिल्यासारखं लुगडं रंगवलं. नवा माल पुण्याला रवाना झाला. चौथ्या दिवशी रात्री उशिरा भाच्याचा फोन. आवाज पडलेला.

"मामा, फेरारीचा पुढचा आस मोडला. पातंपण गेलं."

"आणि आत्ये?"

"आत्ये बसलीय."